काळ्याचा डाव

बुद्धिबळाचा कायदाच असा, की पहिली चाल पांढऱ्याची. का, ते कुणी विचारत नाही. काळ्यानं आधी समोरच्याचं बघायचं, मग हात उचलायचा. आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या ओट्यावर पट पडला की पोरं पांढऱ्यासाठी भांडायची. काळं ज्याला यायचं तो निम्मा हरूनच बसायचा. मी सगळ्यात बारका, म्हणून माझं हमखास काळं.

मग रद्दीतल्या एका पुस्तकात तो डाव घावला. १७ ऑक्टोबर १९५६, न्यूयॉर्क, रोझेनवाल्ड स्पर्धा. पांढरं डोनाल्ड बर्नकडं. वय २६, नावाजलेला गडी. काळं बॉबी फिशरकडं, वय १३. ब्रुकलिनचं पोरगं. आई एकटी, दोन लेकरं वाढवणारी.

पट मांडला नि एकेक चाल खेळत गेलो. अकराव्या चालीला पोरानं घोडा पटाच्या काठाला नेऊन ठेवला. घे म्हणला. बर्ननं घेतला नाही. सतराव्या चालीला तर कहर. याच्या वजिरावर पांढऱ्या उंटाचा डोळा, आणि हा वजीर सोडून भलताच उंट सरकवतो! बर्ननं वजीर मारला. मी म्हणलं, संपलं पोरगं.

संपतंय कुठलं! उंटाचा शह. घोड्याचा शह. घोडा हलला की मागून पुन्हा उंटाचा शह. राजा नुसता दोन घरांत येरझाऱ्या घालतोय आणि घोडा वाटेत मिळेल ते टिपतोय. वजिराच्या बदल्यात एक हत्ती, दोन उंट, एक प्यादं वसूल. ४१ व्या चालीला मात. एक हत्ती, दोन उंट, एक घोडा, चौघांनी मिळून राजा कोंडला. पांढऱ्याचा वजीर तेव्हा जित्ता होता. पटाच्या दुसऱ्या टोकाला उभा. काय कामाचा?

बर्नचंही सांगितलं पाहिजे. आधीच हार मानून तो उठू शकला असता. उठला नाही. पोराला मात करू दिली.

त्या स्पर्धेत फिशर पहिला आला नाही. पण हान्स क्मोखनं या डावाला शतकातला डाव म्हटलं, आणि आजही लोक तो मांडतात.

पुढं नोकरीला लागलो. तिथल्या स्पर्धेत समोरच्यानं सोंगट्या लावता लावता विचारलं, "हा डोक्याचा खेळ तुमच्यात कुणी शिकवला?" माझं काळं होतं. मी काही बोललो नाही. पहिली चाल पांढऱ्याची, कबूल. पण त्याचं घड्याळ चालू करायचं ते काळ्यानं.

मी दाबलं.