बिननावाचा चक

मागच्या वर्षी बाबांचं लूमवरचं काम सुटलं. सुरतेत दुसरं काय करणार? घरी लाकडाचा लेथ मांडला, भोवरे कातायचे ठरलं. उधन्याच्या भंगारातला चक मिळाला. पण जबडे मोठे, आणि वर ना कंपनीचं नाव, ना नंबर. अंदाजाने आणलेला जबडा फिरताना सुटला तर हातच जायचा!

मग आम्ही व्हर्निअर घेऊन बसलो. मागच्या आट्यांवरून चक कोणत्या लेथला बसेल ते कळतं, जबडे कळत नाहीत. त्यासाठी दोन स्क्रूंमधलं अंतर, स्क्रूची जाडी, खाचेचा आकार, तिन्ही जुळावं लागतं. जुना जबडा खिशात टाकून बाबा दुकानं फिरले. चौथ्या दुकानात बारीक संच मिळाला.

"१ ते ४, क्रमानेच बसव हं," त्यांनी बजावलं. पहिला भोवरा गल्लीतल्या पोराने रोख पैसे देऊन नेला.