लांब दांड्याचा पाना

आमच्या एकत्र कुटुंबांत वादाचे विषय मोजकेच आहेत आणि ते पिढ्यान्‌पिढ्या तेच आहेत. पोफळींना पाणी किती दिवसांनीं लावावें, आंब्याची पहिली पेटी कोणत्या आप्तांकडे जावी, आणि पुण्यास स्थायिक झालेल्या चुलतभावांनीं गणपतीस किती दिवस आधीं यावें, एवढ्यांत सर्व आलें. २०२१ सालच्या चैत्रांत या यादींत एका नव्या विषयाची भर पडली. तो विषय म्हणजे पाना. नट आवळण्याचा आणि सोडविण्याचा लोखंडी पाना.

माझा पुतण्या बाळ हा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनांतून यंत्रशास्त्राची पदविका घेऊन बाहेर पडला, तेव्हां घरच्या सर्वांचे डोळे पुण्या-मुंबईच्या एखाद्या कचेरीकडे लागले होते. तो मात्र मिरकरवाड्याच्या बंदरांत मच्छीमारी नौकांचीं इंजिनें दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कारखान्यांत जाऊन रुजू झाला. वहिनींनीं त्याच्या कपड्यांसाठीं निराळी बादली काढली. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू आणि त्याचे वडील, कांहींच बोलले नाहींत. आमच्या घरांत तें रागावण्याहून अधिक समजलें जातें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडली, बेळगांवांत सायकलींचें दुकान चालविलें आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला, ही हकीकत आमच्याकडे मुलांना मोठ्या अभिमानानें सांगतात. पण तें दुसऱ्याच्या मुलानें केलें, म्हणून!

अशा वातावरणांत बाळ एके दिवशीं बारा पान्यांचा एक संच घेऊन आला. प्रत्येक पान्याच्या एका टोकास उघडें तोंड, दुसऱ्या टोकास बंद कडें. गॅरेजांत यांस रिंग-फिक्स पाने म्हणतात. नवल एवढेंच कीं, दांडे नेहमींच्या जवळजवळ दीडपट लांब होते. किंमत साडेचार हजार रुपये. दादांनीं एक पाना उचलून तराजूसारखा बोटावर तोलला आणि म्हणाले, "लोखंड लांब झालें म्हणून अक्कल लांब होत नाहीं." मीं तीस वर्षें शाळेंत गणित आणि विज्ञान शिकविलें. तरफेचा नियम किती वेळां फळ्यावर लिहिला असेल, त्याची गणतीच नाहीं. तरीही मीं दादांचीच री ओढली आणि म्हणालों, "आहे त्या पान्याला नळीचा तुकडा चढविला, कीं झाला कीं रे लांब पाना!" बाळ हंसला आणि पाने पिशवींत भरून निघून गेला.

१६ मे रोजीं तौक्ते नांवाचें चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यास समांतर असें उत्तरेकडे गेलें. भाट्याची खाडी ओलांडून पावसकडे जाणाऱ्या वाटेवर आमचें आगर आहे. रात्रभर माड कडकडत होते. सकाळीं पाहिलें तों सात पोफळी, दोन माड आणि विजेचे तीन खांब आडवे. वीज गेली ती सहा दिवस आली नाहीं. एरवीं आम्हीं तक्रारही केली नसती. परंतु तो करोनाचा काळ. माडीवर वहिनी आणि धाकटी सून अशीं दोन माणसें तापानें अंथरुणास खिळलेलीं, त्यांचे कपडे, भांडीं, अंथरुणें रोज निराळीं उकळावयाचीं. खालीं बारा माणसें आणि गोठ्यांत पांच गुरें. विजेचा पंप मुका झालेला. विहिरीचें पाणी अठरा फुटांवर. रहाटावरून कळशा ओढणें अशक्य नव्हे, पण ओढणार कोण? दादांचें वय एकाहत्तर, आणि हृदयाच्या दुखण्यामुळें वैद्यांनीं त्यांस जड उचलण्यास बंदी केलेली. पहिल्या दिवशीं माझी पत्नी आणि थोरली पुतणी यांनीं मिळून साठ-सत्तर कळशा ओढल्या. संध्याकाळीं दोघींच्या तळहातांस फोड आले होते. दुसऱ्या दिवशीं पहाटें कुरकुर ऐकूं आली म्हणून बाहेर आलों, तों दादा एकटेच रहाटावर! काय बोलावें तें सुचेना.

आमच्या वडिलांनीं १९६८ सालीं घेतलेलें पांच अश्वशक्तीचें डिझेल इंजिन विहिरीशेजारच्या खोपींत होतें. तें अधूनमधून फिरविलें जात असे, म्हणून हँडल मारतांच, दोन-चार शिव्या खाऊन का होईना, सुरू झालें. पण त्याच्या पट्ट्यावर चालणारा पंप पाणी उचलीना. पंपांत पाणी भरावें आणि तें खालीं निघून जावें. बाळ मिरकरवाड्यांत नौका सांवरण्यांत गुंतलेला, रस्ता पडलेल्या झाडांनीं बंद, टाळेबंदीमुळें दुसरा कारागीर मिळणें दुरापास्त. तेव्हां मीं आणि दादांनीं स्वतःच हत्यार उचललें.

पंपाच्या दांड्याभोंवतीं दोरी भरलेली असते आणि ती एका लोखंडी टोपणानें दाबून धरलेली असते. त्यास ग्लँड म्हणतात. तेथून थेंब गळत होते. मला वाटलें, हाच तो दोष. तेरा नंबरचा आंखूड पाना घेतला, त्याला हातभर नळीचा तुकडा चढविला आणि माझ्या सांगण्याप्रमाणें, म्हणजे माझ्या पोकळ विद्वत्तेप्रमाणें, ओढला. नट वळतो आहे, वळतो आहे, असें वाटतां वाटतां हाताला एकदम मऊपणा जाणवला आणि बोल्ट तुटून नटासह माझ्या पायाशीं पडला. तो मऊपणा मी अजून विसरलों नाहीं. मग शोषणनळीच्या जोडावरचे चोवीस नंबरचे नट सोडवावे म्हणून गेलों. ते गंजून एकजीव झालेले. आंखूड पान्याचें उघडें तोंड घसरलें, नटाचे कोपरे गेले आणि माझ्या उजव्या हाताचीं चार बोटें लोखंडावर सोललीं.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं बाळ पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत पायींच आला. खांद्यावर तीच पिशवी. त्यानें आधीं आईची विचारपूस अंगणांतूनच केली, मग खोपींत येऊन सर्व पाहिलें. मला तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें प्रथम नटांवर डिझेल सोडलें, हातोडीनें चोहोंबाजूंनीं हलके ठोके दिले आणि चक्क चहा प्यावयास बसला. "मुरूं दे थोडें, काका," एवढेंच म्हणाला. अर्ध्या तासानें त्यानें चोवीसचा लांब पाना काढला. उघड्या तोंडाकडून नव्हे, कड्याच्या बाजूनें नटावर बसविला. पाय रोंवले आणि हिसका न देतां, दांडा स्वतःकडे ओढीत, सावकाश भार वाढवीत गेला. कड् असा आवाज झाला. माझ्या छातींत धस्स झालें. मला वाटलें, हाही तुटला. "हा सुटल्याचा आवाज, काका," तो म्हणाला. "तुटणारा बोल्ट आवाज शेवटीं करतो, आधीं तो मऊ लागतो." पुढचा नट त्यानें मला सोडावयास लावला, आणि दांडा लांब असला कीं हात किती शांत राहतो, तें मला तेव्हां कळलें. आंखूड पान्यावर सारें अंग झोंकून द्यावें लागतें. नट एकाएकीं सुटला कीं अंगही सुटतें, आणि बोटें फुटतात तीं त्या क्षणीं. कोपरे गेलेल्या नटावर त्यानें सहा कोनांचें कडें चालविलें. बारा कोनांचें तेथें निसटलें असतें.

नळी वर काढली. खालच्या टोकाच्या झडपेंत एक काटकी आणि मूठभर पाला अडकला होता. दोष तेवढाच! ग्लँड मीं उगाच छळला होता. तेथून थोडे थेंब गळणें हा दोषच नव्हे. त्या थेंबांनींच दोरी थंड राहते, आणि फार आवळली तर दोरी जळून दांड्यास चर पडतात.

मला खरें आश्चर्य पुढें वाटलें. तुटलेल्या बोल्टाचा तुकडा बोटभर बाहेर होता. बाळानें त्यास कानशीनें दोन बाजू सपाट केल्या आणि साध्या पकडीनें तो अलगद फिरवून काढला. ताणानें तुटलेला तुकडा तुटतांच सैल होतो, गंजानें अडकलेला होत नाहीं; तेवढें माझें नशीब. पिशवींतला नवा बोल्ट त्या जागीं घातला, आणि तो आवळण्याकरितां त्यानें तेराचा लांब पाना काढलाच नाहीं. माझाच आंखूड पाना मागितला, तोही दांड्याच्या मध्यावर दोन बोटांत धरून!

मीं कारण विचारलें. त्यानें जें सांगितलें, तें माझ्याच विषयांतलें होतें. तेरा नंबरचा पाना ज्या आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टास लागतो, तो सामान्य प्रतीच्या कठीण पोलादाचा असला तर अडीच किलोग्रॅम-मीटरच्या आसपास आवळावयाचा असतो. १५ सेंटिमीटरवर हात धरला तर सुमारें १७ किलोग्रॅमचा ओढ पुरतो. हात ३० सेंटिमीटरवर गेला, कीं साडेआठ किलोग्रॅमच पुरतात. पण आपला हात कांहीं साडेआठांवर थांबत नाहीं. तो संवयीनें तीस किलोग्रॅमनें ओढतो, म्हणजे नऊ किलोग्रॅम-मीटर झाले, आणि बोल्ट तुटतो. जसजसा नंबर वाढतो तसतशी साध्या पान्याची लांबी वाढते, ती उगीच नाहीं. माणसाचा बेताचा ओढ त्या त्या बोल्टास बेताचाच पोंचावा, असा हिशेब पाना घडविणाऱ्यानें दांड्यांत आधींच करून ठेवलेला असतो. मीं नळी चढवून तो हिशेब पुसून टाकला होता. लांब पान्यांतही तो पुसलेलाच असतो. म्हणून तो कोणत्या बोल्टावर घालावयाचा हें आपण ठरवावें लागतें. मोठा, गंजलेला, हात न पोंचेल अशा जागचा नट सोडविण्यास लांब पाना. लहान बोल्ट आवळण्यास कधींच नाहीं.

त्या संध्याकाळीं पंपानें पाणी फेकलें. दादा पाटाशीं उभे राहून पाहात होते. माडीच्या खिडकींतून वहिनींनीं विचारलें, "आलें का रे पाणी?" आणि बाळ ओरडला, "आलें, आई!" हे दोन शब्द लिहितांना अजून माझा हात थांबतो.

दोघीही ईश्वरकृपेनें बऱ्या झाल्या. बाजार मोकळे झाल्यावर दादांनीं स्वतःहून विषय काढला कीं, घरचे म्हणून चार पाने असावेत. बाळ, दादा आणि मी असे तिघे रामआळींतील एका लोखंडी सामानाच्या दुकानीं गेलों. पाने निवडणें हें भाजी निवडण्याइतकेंच डोळस काम आहे, हें मला तेथें कळलें. बाळ प्रथम चकाकीकडे पाहात नसे. आमच्या खाऱ्या हवेंत हलका मुलामा वर्षा-दोन वर्षांत पोपडे धरतो आणि त्या पोपड्यांच्या धारेनें हात कापतो. तो पाना आडवा धरून दांडा सरळ आहे कीं नाहीं, हें बंदुकीच्या नळीसारखें पाही. क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा ठसा आहे का, तें पाही. आणि खिशांतून आणलेला एक नवा नट तोंडांत घालून हालवी. नट डुगडुगला कीं पाना परत. उघडें तोंड दांड्याशीं १५ अंश तिरकें असतें. अडचणीच्या जागीं पाना उलटा करून पुन्हां लावला, कीं तेवढ्या थोड्या जागेंतही नट पुढें सरकत जातो. कडेंही दांड्यापासून किंचित् उचललेलें असावें, नाहीं तर बोटें यंत्रावर घासतात. माझ्या बोटांवरचीं खुणांचीं वाटोळीं तेव्हां अजून गुलाबी होतीं.

जुन्या इंजिनाकरितां मात्र निराळीच गंमत. वडिलांच्या पेटींतल्या एका पान्यावर अर्धा इंच असें कोरलेलें आहे आणि त्याचें तोंड मोजलें तर अर्ध्या इंचाहून बरेंच मोठें! दादांना ती कारागिराची चूक वाटे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें १८४१ सालीं आट्यांचें जें प्रमाण घातलें, त्या पद्धतीच्या पान्यावरचा आंकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, तोंडाचा नव्हे. मिलिमीटरच्या पान्यावरचा आंकडा तोंडाचा असतो. आपल्याकडे मापांचा दशमान कायदा १९५६ सालीं झाला, तरी आमच्या इंजिनाचे बोल्ट इंचांतच राहिले. त्यांवर मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, आणि जवळपास बसणारा पानाच कोपरे खातो. म्हणून ते दोन जुने पाने घासूनपुसून ठेवावयाचे ठरले.

दुकानदारानें अर्थातच बारा लांब पान्यांचा पूर्ण संच पुढें केला. दादांनीं बाळाकडे पाहिलें. बाळ म्हणाला, "घराला एवढे नकोत, बाबा. मला बंदरावर लागतात, तें निराळें." शेवटीं साध्या लांबीचा एक संच आणि लांब दांड्याचे दोनच पाने घेतले, एक एकोणीसचा, एक चोवीसचा. पैसे दादांनीं दिले. परततांना पिशवी बाळानें धरूं म्हटलें, ती त्यांनीं दिली नाहीं.

आतां तीं हत्यारें पडवींत कोयत्याशेजारीं खिळ्यांवर टांगलेलीं असतात. दर अमावास्येस दादा त्यांना इंजिनाच्या तेलाचा हात देतात. खोबरेल लावूं नये, तें चिकट होतें, अशी बाळाची ताकीद आहे. मीं तोडलेल्या बोल्टाचा तुकडा त्यांच्या पानाच्या डब्यांत चुन्याच्या डबीशेजारीं पडून आहे. घरीं पाहुणा आला आणि मी कोणत्याही विषयावर फार अधिकारानें बोलूं लागलों, कीं ते डबा उघडतात.