मास्तरांची मुलं

सीएसएमटीवर गाडी पकडायच्या घाईत आपण मान वर करून बघतच नाही. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं हे स्थानक बांधलं जात होतं. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, हे नाव पुस्तकांत मिळतं. पण दगडातली ती पानं-फुलं, माकडं, मोर? त्या नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. त्यांना शिकवणारे जॉन ग्रिफिथ्स. ह्याच मास्तरांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या चित्रांच्या नकला करून घेतल्या.

मी जन्मभर शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर रात्री कधीकधी वाटतं, आपल्या हातून काय उभं राहिलं? दाखवायला एक वीटही नाही. मग ते मोर आठवतात. त्या मुलांपैकी बहुतेकांची नावं आज कुणी घेत नाही, तरी लाखो माणसं रोज त्यांच्या कामाखालून जातात. माझेही विद्यार्थी असेच कुठे कुठे असतील, कुणी एसटीत, कुणी दवाखान्यात. आपलं काम नीट करत असले, तर मला तेवढं पुरे.

पुढच्या वेळी एखादी लोकल चुकली तरी चालेल, पण वर बघा.