नंबर न विचारणारा निरोप

२० जुलै २०२३. वरूडजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत मी पानसोट काढत होतो. सकाळी साडेदहाच्या सुमारास खिशातला मोबाइल इतका कर्कश ओरडला की हातातलं सिकेटर खाली पडलं. असा आवाज मी त्यात कधी लावलाच नव्हता. तेवढ्यात धुऱ्यापलीकडून शेजारी ओरडले, "भाऊ, माह्यापण फोन बोंबलून राह्यला! काऊन?"

आमचा सालदार आपला बटनांचा फोन उलटापालटा करून पाहत होता. तो फोन गप्पच होता.

पडद्यावर आपत्कालीन सूचनेची चौकट होती. दूरसंचार विभागाची ही चाचणी आहे, दुर्लक्ष करा, असा मजकूर. पण आदल्या रात्रीच रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती आणि ती बातमी पाहूनच मी घराबाहेर पडलो होतो. दुर्लक्ष करा असं वाचूनही छातीतली धडधड थांबेना.

त्याहून मोठं कोडं वेगळंच होतं. आमच्या संत्रा बागायतदारांच्या गटात निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आहे. व्हॉट्सॲपवर मी ब्रॉडकास्ट यादी केली. तिच्यात २५६ जणांपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि ज्यानं माझा नंबर जपून ठेवलेला नाही त्याला निरोप जातच नाही, हे मला फार उशिरा कळलं. एसएमएस करावा तर इंग्रजीत १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०. मग हा निरोप पाठवणाऱ्या, मला माहीत नसलेल्या कुणाजवळ माझा नंबर कसा होता? आणि त्या दिवशी तर माझ्या फोनचा नेटपॅकही संपलेला होता!

अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, तुमचा नंबर कोनाजवळच नाही. त्याले नंबर लागतच नाही." एसएमएस पोस्टमनसारखा, एकेका पत्त्यावर जाणारा. हे सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. टॉवर सगळ्यांसाठी मिळून एकच पुकारा करतो आणि त्याच्या टप्प्यातले, ही सोय असलेले सगळे चालू फोन ऐकतात. हजार फोन असोत की लाख, टॉवरवरचा भार तेवढाच. म्हणून पुरात सगळे एकदम फोन लावू लागले आणि लाइन तुंबली, तरी ही सूचना वाट काढते. आपल्याकडची ही यंत्रणा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉट या सरकारी संस्थेनं घडवली आहे.

मला लहानपणचा कोतवाल आठवला. त्याची दवंडी गावात असलेल्याला ऐकू यायची, वावरात गेलेल्याला नाही. इथंही तसंच. फोन बंद असेल तर निरोप हुकला. कुणी ऐकलं, कुणी नाही, हे टॉवरला कळत नाही, पोचपावती नसतेच. म्हणून तो तेच पुन्हा पुन्हा पुकारतो. प्रत्येक सूचनेला क्रमांक असतो, तो ओळखून फोन तीच सूचना दोनदा वाजवत नाही. हे कळलं तेव्हा मी खरंच चकित झालो.

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. या निरोपाचं एक पान ८२ बाइटांचं. मराठीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा दोन बाइट खाते, म्हणजे पानावर जेमतेम चाळीस चिन्हं. पानं पंधरापर्यंत जोडता येतात, पण घाबरलेला माणूस पहिलंच वाचणार. "झाडाखाली थांबू नका" एवढ्यातच अठरा चिन्हं संपतात. विजा आमच्या बागांत माणसं मारतात. पाऊस आला की मजूर धावतो तो झाडाखालीच. सूचना लिहिणाऱ्यांनी पहिल्या ओळीत खात्याचं नाव घालू नये, काय करायचं ते घालावं.

तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' शोधा आणि बंद असेल तर चालू करा. आवाजाला घाबरून ते बंद करू नका. घरातल्या म्हाताऱ्यांचे आणि वावरातल्या मजुरांचे फोनही हातात घेऊन पाहा. आमच्या सालदाराचा मी पाहिला. त्यात ती सोय सापडली नाही. आभाळ भरून आलं की त्याला मी स्वतः हाक मारतो.