घोळणा फुटला? आधी चिमटा!

हे इतकं सोपं आणि इतकं अफाट आहे, की प्रत्येकाला सांगत सुटावंसं वाटतंय! माढ्यात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक होते आणि घरोघरी कुणाचा तरी घोळणा फुटतो. मग डोक्यावर गार पाणी, नाकाशी फोडलेला कांदा आणि ‘मान मागं टाक!’चा गलका. यंदा मामांच्या नाकातून धार लागली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना उलट पुढं वाकवलं. नाकाचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट दाबून धरला. श्वास तोंडानं. दहा-पंधरा मिनिटं बोट जराही सैल करायचं नाही. मान मागं टाकली की रक्त घशात उतरतं, उलटी होते, ठसका लागतो.

आणि रक्त थांबलं!

मग मी वाचतच सुटलो. नाकाच्या मधल्या पडद्यावर, अगदी पुढं, चार-पाच रक्तवाहिन्यांच्या फांद्या एकत्र येतात. त्या जागेला ‘लिटल्स एरिया’ म्हणतात. न्यूयॉर्कचे शल्यविशारद जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये तिचं वर्णन केलं. शंभरातले सुमारे नव्वद घोळणे तिथूनच फुटतात, आणि ती जागा नेमकी चिमटीत येते!

चिमट्यानं भागलं नाही तरी डॉक्टरांचे हात बांधलेले नसतात. रक्तवाहिनी आकसवणारे थेंब आहेत. फुटलेली जागा दिसली तर सिल्व्हर नायट्रेटच्या कांडीनं ती डागतात. नाहीतर नाकात पॅक बसवतात. त्यातला स्पंज ओला झाला की फुगतो आणि आतून दाब देतो. रक्त नाकाच्या मागच्या भागातून येत असेल, तर चक्क लघवीसाठी वापरतात ती फोलीची नळी नाकातून आत सरकवून तिचा फुगा फुगवतात! तरीही थांबेना, तर दुर्बिणीनं आत जाऊन स्फेनोपॅलेटाइन ही धमनीच बंद करतात. काही ठिकाणी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट चेहऱ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत नेऊन वाहतं तोंड आतून बुजवतात. केवढी ही माणसाची बुद्धी!

माढेकरांनो, चिमटा आजच घरातल्या पोरांना शिकवा. पंधरा-वीस मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही, डोक्याला मार लागलेला असेल, किंवा माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन लावा.