प्रूफ दारात नेऊन बघा

नव्वदच्या दशकात नाशिकरोडला बिटको चौकाच्या आसपास डीटीपी सेंटरं उघडली, तेव्हा मॉनिटर निवडायची वेळ कुणावर आलीच नाही. संगणक जोडून देणारा जो आणून ठेवील तो मॉनिटर. बहुतेक ठिकाणी चौदा इंची, पुढून फुगलेला, मागे हातभर खोल. पंधरा इंची आला की मालक तो दारातून दिसेल असा ठेवायचा. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून आम्ही काही पोरं तिथे ऑपरेटर म्हणून जायचो. श्रीलिपीत मजकूर, पेजमेकरमध्ये पान आणि कोरल ड्रॉमध्ये गणपती, एवढ्यावर लग्नपत्रिकांचा सगळा मोसम निघायचा.

मॉनिटरच्या काचेवरच्या रंगावर मात्र कुणाचा विश्वास नव्हता, आणि तेच बरं होतं. पडद्याचं खोटं आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. १९८२मध्ये, आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झालं, पण वसाहतीत बऱ्याच घरी टीव्ही कृष्णधवलच राहिला. त्यावर बाजारात मिळणारी रंगीत प्लॅस्टिकची काच लावायची: वर निळा, मध्ये पिवळसर, खाली हिरवा. समुद्र असो की बातम्या, आभाळ वरच. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी, तरी शेजारचे ‘रंगीत’ बघायला यायचे.

मॉनिटरवरचा रंग त्याहून फार शहाणा नव्हता. स्पीकर जवळ सरकला की कोपऱ्यात जांभळा डाग उमटायचा. मग डिगॉसचं बटण दाबायचं, आतून ‘धडंग’ आवाज यायचा, चित्र थरथरायचं आणि डाग जायचा. हे बटण उगाच दाबण्यात एक सुख होतं. सोनीची ट्रिनिट्रॉन नळी पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडद्यावर आडवी, केसाएवढी रेघ दिसायची आणि माल खराब आहे असं वाटायचं. आतल्या बारीक तारांची जाळी हलू नये म्हणून ताणलेल्या तारेची ती सावली असते, हे सांगून पटायचं नाही.

म्हणून रंग शाईच्या टक्क्यांच्या आकड्यांनी पाठ असायचा. कुंकवाचा लाल म्हणजे मॅजेंटा शंभर, यलो शंभर. भगव्याला मॅजेंटा साठच्या आसपास. निळ्याला सायन शंभर दिला आणि मॅजेंटाही शंभर ठेवला तर कागदावर जांभळा येतो, पडद्यावर कितीही गोड निळा दिसू दे. मॅजेंटा तीस तरी उतरवायचा, हे पहिल्याच महिन्यात कानात घातलं जायचं. ऑपरेटर पडद्याकडे बघून रंग लावतोय असं दिसलं, तर छपाईचे मशिनवाले काका चिडायचे. ‘तिथं काय बघतोस? चार्ट बघ.’

काकांचं दुसरं वाक्य होतं, ‘प्रूफ दारात नेऊन बघा.’ आत ट्यूबलाइट होती आणि तिच्या उजेडात पिवळा हिरवट दिसायचा. दारात, उन्हात नव्हे, सावलीत उभं राहून भिंगातून ठिपके बघायचे. चारही रंग एकमेकांवर नीट बसले आहेत की रजिस्ट्रेशन हललंय, ते तिथे कळायचं. छपाईचा रंग कोणत्या उजेडात पाहावा याचं आज आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ते ५००० केल्व्हिनचा, दिवसासारखा प्रकाश मागतं. काकांनी केल्व्हिनचं नाव ऐकलं नव्हतं. दार कोणत्या दिशेला आहे एवढं त्यांना माहीत होतं.

आणि गिऱ्हाईकही साधं नव्हतं. १९२५पासून इथे सिक्युरिटी प्रेस आहे, शेजारी नोटांचा छापखाना. १९५२ साली कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची तिकिटं फोटोग्रॅव्हरने छापली गेली ती याच गावात. अशा प्रेसमध्ये नोकरी करणारा माणूस मुलीची पत्रिका छापायला आला की मालक स्वतः काउंटरवर यायचा. प्रेसमधला माणूस कार्ड तिरकं धरायचा, अंगठ्याने शाई घासून बघायचा आणि काही न बोलता परत द्यायचा. त्या न बोलण्यात फेरछपाई असायची.

नाशिक जिल्ह्याला ही नजर जुनीच म्हणायची. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाच्या आधी छपाईतलेच. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं, जिथे एकेका रंगाला स्वतंत्र दगड लागायचा, आणि १९०९ साली रंगीत छपाईचं यंत्र आणायला ते जर्मनीला गेले. पुढे चित्रपटाच्या वेडापायी रात्रीचा दिवस करताना त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. पडद्यापायी डोळे शिणवणारे आपण पहिले नाही.

आता एकलहऱ्याच्या त्याच परिसरात माझा भाचा घरातल्या मागच्या खोलीत द्राक्षांच्या पेट्या आणि वाईनची लेबलं डिझाइन करतो, मधूनच एखाद्या लघुपटाचे रंगही जुळवतो. खिडकीतून धुरांडी दिसतात. माझ्या लहानपणी १४० मेगावॉटचे पहिले दोन संच चालू होते, ते आता बंद झाले. २१० मेगावॉटचे तीन राहिले. परवा त्याने विचारलं, ‘मामा, मॉनिटर घ्यायचाय, चांगला. तुम्ही सांगा.’ आणि मग त्यानेच मला तासभर शिकवलं.

दुकानदाराने त्याला गेमिंगचा सुचवला होता, १४४ हर्ट्झचा. गोळ्या झाडताना चित्र अडखळत नाही हे खरं, पण द्राक्षाची पेटी पळत नाही. त्याला हवा होता रंगांचा पल्ला. १९९६ साली ठरलेली एसआरजीबी ही पडद्यांची रोजची हद्द. छापखान्यातला शुद्ध सायन या हद्दीच्या बाहेर पडतो. म्हणजे शाई जो रंग कागदावर देऊ शकते, तो साधा पडदा दाखवूच शकत नाही. १९९८ची अ‍ॅडोबी आरजीबी नेमकी त्या निळ्या-हिरव्या बाजूला रुंद आहे, म्हणून छपाईचं काम करणाऱ्याने तिचे ९९ टक्के भरणारा पडदा घ्यावा. सिनेमावाल्याने पी-३ ही हद्द बघावी. भाच्याची दोन्ही कामं, त्यामुळे दोन्हींत जमेल असा, २७ इंची, फोर-के, आयपीएस पॅनेलचा. दहा बिटांचा असला तर शंभर कोटींहून जास्त छटा, आठ बिटांत पावणेदोन कोटींच्या आत. आभाळाच्या उतरत्या निळ्यात पट्टे पडतात की नाही, ते यावर ठरतं.

ओलेड त्याच्या मनात भरला होता. त्यात काळा खरोखर काळा असतो, आणि इथे मला माझा जुना नळीचा मॉनिटर आठवला. अंधाऱ्या खोलीत नळीवरचा काळा गडद असायचा, नंतरच्या एलसीडीने तो राखाडी केला. पण ओलेडवर फोटोशॉपच्या पट्ट्या दिवसभर त्याच जागी राहिल्या तर त्यांचा ठसा उमटायची भीती असते. तो बेत सुटला. अ‍ॅपलने २०१९ साली ९९९ डॉलरला मॉनिटरचा नुसता स्टँड विकायला काढला होता, ती गोष्ट सांगून आम्ही पोटभर हसलो. माझ्या चौदा इंचीखाली टेलिफोन डिरेक्टरी होती.

माझं मत एवढंच पडलं की पडद्याआधी कॅलिब्रेटर घे. पडद्यावर टेकवायचं ते छोटं यंत्र रंग मोजून सांगतं, किती चुकलाय ते डेल्टा ईमध्ये. दोनच्या आत असेल तर बहुतेक डोळ्यांना फरक कळत नाही. खोक्यातून काढलेला मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून भरपूर उजळ ठेवलेला असतो. छपाईसाठी तो शंभर-एकशेवीस निट्सपर्यंत खाली आणावा लागतो. भाच्याने तसं केल्यावर घरच्यांना वाटलं, नवीन मॉनिटर मंद निघाला. त्याने मागची भिंतही करडी रंगवली. पोपटी भिंतीचा उजेड पडद्यावर पडतो म्हणे, आणि बरोबरच आहे.

हे सगळं पाहून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आम्ही पॉझिटिव्ह काढून, प्लेट करून, शंभर कागद वाया घालवून जे बघायचो, ते तो खुर्चीत बसून बघतो. पण पडद्याचं आणि कागदाचं भांडण संपलेलं नाही. पूर्वी आमचा पडदा खोटा आणि हातातला कागद खरा, यावर मालक, मशिनवाला, गिऱ्हाईक सगळ्यांचं एकमत होतं. आता खऱ्या रंगाचा पडदा एकट्या भाच्याकडे आहे.

निफाडचे एक बागाईतदार पेटीचं डिझाइन बघायला आले होते. भाच्याने खिडकीचा पडदा ओढला, त्यांना समोर बसवलं, हिरवा कसा जुळवलाय ते दाखवलं. त्यांनी मान डोलावली, छान म्हणाले, चहा घेतला. उठता उठता खिशातून फोन काढला आणि म्हणाले, ‘व्हॉट्सअ‍ॅपला टाका ना, घरी दाखवतो. मोबाइलवर जसं दिसेल तसंच छापा.’