महाडची इंग्रजी शाळा आणि वर्गाबाहेरचा विद्यार्थी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाड, पोलादपूर आणि बिरवाडी या मुलखातल्या मुलाला इंग्रजी शिकायचे तर त्याची वाट बहुधा महाड गावातून जायची. सावित्रीच्या काठचे महाड ही या भागाची मोठी पेठ होती. खाडीवाटे माल यायचा, वरंध घाटाने भोरकडे जायचा, आणि डोंगरातली माणसे गवत, लाकूडफाटा, तांदूळ घेऊन बाजाराला उतरायची. महाडपासून सुमारे दहा किलोमीटरवरची बिरवाडी हे जुन्या महसुली व्यवस्थेतले तर्फेचे गाव. महाड तालुक्याच्या कागदांत आजही ‘कांबळे तर्फे बिरवाडी’ आणि ‘कांबळे तर्फे महाड’ अशी गावांची नावे सापडतात. दोन्ही तर्फांचे मान कागदावर सारखे होते, पण मामलेदार कचेरी, कोर्ट आणि इंग्रजी शाळा महाडला. त्यामुळे शिकण्यासाठी उठून जायचे ते बिरवाडीकराने.

अशा शाळेची घडण समजून घ्यायला हवी. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारने शिक्षणासाठी अनुदानाची पद्धत आणली. गावातल्या चार पुढाऱ्यांनी पैसे जमवावेत, एखादा वाडा भाड्याने घ्यावा, मास्तर नेमावेत, आणि दिपोटी साहेब तपासणी करून गेले की सरकारी अनुदान मिळावे, असा साधारण रिवाज होता. मराठी चार इयत्ता झाल्या की मुलगा इंग्रजी पहिलीत बसे आणि तिथून सातवी म्हणजे मॅट्रिक. मराठी शाळेतच राहून ‘फायनल’ झालेला मुलगा मास्तर किंवा तलाठी होई. इंग्रजी शिकलेला कचेरीत, वकिलीत किंवा मुंबईच्या पेढीवर जाई. या दोन वाटांमधले अंतर सगळ्या घरांना ठाऊक होते. म्हणूनच इंग्रजी शाळेच्या दारात कोणाला उभे करायचे, हा प्रश्न अभ्यासापुरता राहिला नाही. शाळा चालवणारे, घरमालक आणि फी भरणारे पालक एकाच थरातले असल्याने शाळेवर गावाची पकड सरकारपेक्षा घट्ट असे.

सरकारी नियम मात्र जुनाच होता. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारमार्गे थेट लंडनपर्यंत गेले, आणि 1858 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी स्पष्ट केले की सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या आहेत. तत्त्व मान्य झाले. अंमलबजावणी मात्र हेडमास्तर, शाळा समिती आणि गाव यांच्या हाती राहिली, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे तत्त्व एकीकडे आणि शाळेची ओसरी दुसरीकडे अशीच गेली.

महाड परिसरात हे तत्त्व कोणी तरी मागून घेईल, अशी तयारी एका वेगळ्याच ठिकाणी झाली होती. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेत कोकणातले महार मोठ्या संख्येने होते. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय असे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे तशाच लष्करी शाळेतले शिक्षक. पेन्शन घेऊन परतलेल्या या माणसांची वस्ती दापोलीत होती, तशी महाडजवळच्या दासगाव बंदरातही होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर असेच निवृत्त सैनिक. त्यांनी 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, आणि 1895 मध्ये त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासदांनी त्यांच्याबरोबर बसायला नकार दिला. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. एका समाजाची नोकरी तर गेलीच, पण तिच्याबरोबर त्याची शाळाही गेली. या दुसऱ्या नुकसानीचा हिशेब इतिहासात फारसा कोणी मांडत नाही. पलटणीचे दार बंद झाल्यावर गावच्या शाळेचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ते ठोठावणाऱ्या मुलाचे नाव रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म 1903 चा, महाडजवळच्या लाडवलीचा. प्राथमिक शिक्षण दासगावला. स्कॉलरशिपची परीक्षा पास होऊन ते 1914 च्या सुमारास महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी गेले. वय अकरा. गुणवत्तेचा पुरावा सरकारनेच दिलेला होता, तरीही जातीमुळे नकार मिळाला. अशा नकारानंतर त्या काळची बहुतेक मुले घरी परतत, आणि शाळेच्या दप्तरात त्याची नोंदही राहत नसे. मोऱ्यांनी तसे केले नाही. त्यांनी झालेला प्रकार लिहून वर्तमानपत्राकडे पाठवला आणि तो मजकूर छापून आला. सरकारी मदतीवर जगणाऱ्या शाळेला असा जाहीर बोभाटा परवडणारा नव्हता. प्रवेश मिळाला, बसायची जागा मात्र वर्गाच्या बाहेर.

हे बाहेर बसणे नीट डोळ्यांसमोर आणायला हवे. आत फळा, मास्तर, बाके. बाहेर एक मुलगा, ज्याला मास्तरांचा आवाज ऐकू येईल तेवढेच शिकायचे आहे. त्या काळच्या अशा शाळांत पाटी किंवा वही तपासायची तर ती दुरून ठेवावी लागे. तहान लागली तर शाळेच्या माठाला हात लावता येत नसे, आणि महाडच्या भर वस्तीतल्या चवदार तळ्यावरही जाता येत नसे. शाळा आणि तळे ही दोन वेगळी प्रकरणे नव्हेत. त्या मुलाच्या रोजच्या दिवसात ती एकमेकांना लागूनच होती. पुढे मोऱ्यांच्या पुढाकाराने महाडच्या बाजारात अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान निघाले. मोळ्या आणि गवताचे भारे विकून दमलेली माणसे तिथे टेकत, आणि लिहिता येणारा एक तरुण तिथे भेटे. शाळेत बाहेर बसून मिळवलेल्या अक्षरांचा पहिला उपयोग असा भर बाजारात झाला.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. तो पाणवठ्यांमुळे लक्षात राहिला आहे. प्रत्यक्षात त्यात सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा यांच्या बरोबरीने सार्वजनिक शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस होती. सार्वजनिक पैशाने जे बांधले वा चालवले जाते ते सर्वांचे, ही त्यामागची भूमिका. महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी त्याला अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखी महाडशी संबंधित सवर्ण माणसे या बाजूने उभी राहिली, हेही नोंदवले पाहिजे.

19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. आंबेडकरांना महाडला आणण्यात मोऱ्यांचा मोठा वाटा होता. तळे खुले करण्याचा ठराव कागदावरच राहिला होता, त्यामुळे परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी मिरवणूक चवदार तळ्यावर गेली आणि डॉ. आंबेडकरांसह लोकांनी तळ्याचे पाणी प्यायले. तळ्याच्या झळाळीत परिषदेचे ठराव मात्र झाकोळले. सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करावे, अस्पृश्यांच्या वसतिगृहांना मदत द्यावी, आणि सवर्णांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना जेवण द्यावे, अशा मागण्या त्यांत आहेत. ही शेवटची मागणी विशेष लक्ष देण्याजोगी. गरीब ब्राह्मण मुलगा परगावी वार लावून किंवा माधुकरी मागून शिकू शकत असे. महाडसारख्या पेठेत शाळेसाठी येणाऱ्या महार मुलाला कोणत्याही घरी वार लागणार नव्हता. प्रवेश मिळाला तरी तालुक्याच्या गावी राहायचे कुठे आणि खायचे काय, हे प्रश्न उरतच. ठराव लिहिणाऱ्यांना शाळेची वाट पुरती ठाऊक होती, हे या एका कलमावरून कळते.

नगरपालिकेने 4 ऑगस्ट 1927 रोजी आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात दुसरी परिषद झाली, आणि तळ्याबाबत सवर्णांनी लावलेला दावा कोर्टात दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकाली काढला. तळे फक्त सवर्णांनी वापरायचे ही अनादि रूढी आहे, असे जे सांगितले गेले ते सिद्ध होऊ शकले नाही. शाळांच्या बाबतीत असा एखादा गाजलेला निकाल महाडला लागला नाही. तिथला बदल बाकाबाकाने झाला. 1930 च्या स्टार्ट समितीने, ज्यात डॉ. आंबेडकर सभासद होते, मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाची स्थिती तपासली, आणि वेगळे बसवण्याची चाल त्यानंतर हळूहळू मोडत गेली. मोरे 1930 मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले, मुंबईच्या कामगारांत राबले, 1965 मध्ये त्यांनी ‘जीवनमार्ग’ हे साप्ताहिक काढले आणि 1972 मध्ये त्यांचे निधन झाले. शाळेची ही हकीकत आज कळते ती त्यांनी लिहिलेल्या अपूर्ण आत्मकथनामुळे. तिथला विद्यार्थी लिहिता झाला नसता तर या शाळेच्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे पान कोरेच राहिले असते.

स्वातंत्र्यानंतर जुनी इंग्रजी शाळा त्या रूपात संपली. 1949 पासून मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. परीक्षा आली. 1959 मध्ये वार्षिक 900 रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली, आणि मुंबईच्या मनीऑर्डरवर जगणाऱ्या कोकणातल्या घरांच्या आवाक्यात माध्यमिक शाळा पहिल्यांदा आली. 1961 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय सुरू केले. ज्या गावात अकरा वर्षांच्या मुलाला वर्गात घेतले नव्हते तिथे त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत बी. ए.चे वर्ग भरू लागले. पुढे बिरवाडीच्या आसपास औद्योगिक वसाहत उभी राहिली, घाटावरून आणि परप्रांतांतून कामगार आले, आणि बिरवाडीच्या मुलांना दहावीसाठी महाडची पायपीट करण्याची गरज उरली नाही.